पान सतरा

वेनेराने टाइप केलेली ती चौथी कार्बन प्रत.
आधीच्या तीन कुणाकडे गेल्या हे विचारायचं नसतं,
एवढं तेव्हा आम्हा सगळ्यांना कळत होतं.
चौथीतली रशियन अक्षरं पुसट,
भिंतीपलीकडच्या कुजबुजीसारखी.
आकृत्या मी उतरवल्या, ऑफिसच्याच ट्रेसिंग पेपरवर,
पुलाच्या नकाशाखाली दडवून:
एक माणूस, नाक नाही, डोळे नाहीत,
खांद्यांवर उभा.

पान सतरा हरवलेलं होतं.
सोळाच्या तळाशी पाय छताकडे,
अठरावर तोच माणूस पालथा, छाती उचललेली.
मधल्या मधे तो खाली कसा आला
हे अख्ख्या त्बिलिसीत
विचारायचं तरी कुणाला?

म्हणून मी आपली माझ्या पद्धतीने उतरते.
डावा गुडघा आधी, मग एक शिवी,
मग धप्प.
आणि खालून लामारा
झाडूच्या दांड्याने छत ठोकते.

चाळीस वर्षं आईचा नेम चुकला नाही,
असं खातुना लोकांना सांगते.
नेम कसला!
लग्नानंतर तीन वर्षं सलग खाडा.
ती झाली तेव्हा आणखी दोन.
दर नव्या वर्षी चटई झटकायची,
आठ दिवस अंगात वारं,
नवव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

वीज नव्हती त्या हिवाळ्यांत
बादल्या घेऊन नऊ मजले चढायचे,
आणि रात्री, केरोसिनच्या वासात,
कोट, मोजे, लोकरी टोपी घालून सूर्यनमस्कार.
सूर्याने ओळखलं नसेल मला.
बारा ठरवायचे, चार व्हायचे,
चौथा निम्मा.

गुराम गेला त्या वर्षी मात्र रोज.
काही दिवस तर दोनदा.
त्यात भक्ती वगैरे नव्हती.
पाय वर असले की डोळ्यांतलं पाणी कानांकडे वळतं,
गालांना पत्ता लागत नाही,
इतकंच.

आमच्या लिफ्टला वर जायला नाणं लागतं,
खाली यायला फुकट.
शरीराचंही तसंच असतं असं धरून चालले होते मी.
साठीनंतर गुडघ्याने
सगळा हिशेब उलटा मांडून दाखवला.

एप्रिलात खातुना आली, बारीहून.
दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते ती तिथे,
म्हातारी हाडं कशी हलवायची हे तिला पाठ.
फोन माझ्यासमोर धरला: हे बघ, आई,
पाय डोक्यामागे, हात जमिनीला,
मग एकेक मणका, सावकाश.
हे तुझं पान सतरा.

केलं तसंच.
कुठे काही आपटलं नाही.
एकेक मणका टेकला, जिना उतरावा तसा,
आणि मी जमिनीवर पडून राहिले
चुकीच्या घरात शिरल्यासारखी.
तिला म्हटलं, छान.

ती गेली.
दुसऱ्या दिवशी खाडा. तिसऱ्या दिवशी बटाटे आणायचे होते.
चौथ्या दिवशी कारणही शोधलं नाही.
चटई दारामागे, गुंडाळलेली,
रुसलेल्या पाहुण्यासारखी उभी.

नवव्या दिवशी बेल वाजली.
लामारा. हातात झाडू तसाच,
एक मजला चढून धापा टाकत.
"नऊ दिवस झाले, काही पडलं नाही वर.
म्हटलं, मेलीबिलीस की काय."
आत आली, एकुलत्या खुर्चीत बसली,
झाडू मांडीवर आडवा.
"दाखव तरी. एवढी वर्षं
माझ्या डोक्यावर काय आदळतंय ते."

मी चटई पसरली. कडा वळलेल्याच राहिल्या.
पहिल्या झोक्यात पाय अर्ध्यातूनच परतले,
दुसऱ्यातही.
तिसऱ्यात कसेबसे गेले, थरथरत,
छतावर तो जुना ओलीचा डाग,
त्याच्या अलीकडे माझेच दोन अंगठे, वाकडे, निळसर.
श्वास एक. दोन. मधे एक चुकला.
खुर्ची करकरली.
लामाराचा आवाज, अगदी जवळून, बारीक झालेला:

"अगं, आणि आता?
आता खाली कशी येणार?"